चाक कोण बदलणार?

आमच्या आवारात चिंचेखाली उभी असलेली पांढरी गाडी पाहून नवा पाहुणा हमखास विचारतो, "शाळेची ट्रिप आलीय का?" गाडी टेम्पो ट्रॅव्हलर आहे आणि पूर्वी ती एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करायची, त्यामुळे प्रश्न अगदीच गैर नाही. पण दार उघडून आत डोकावलं की पाहुणा गप्प होतो. सीट काढून तिथे दोन लांब बाकं केली आहेत, रात्री त्यांचेच पलंग होतात. एक छोटा ओटा, त्यावर एका बर्नरची शेगडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, खिडक्यांना वहिनींनी शिवलेले पडदे. इंग्रजीत याला मोटरहोम म्हणतात. आई 'आपली खोली' म्हणते. बारा वर्षांपूर्वी दादानं ही गाडी जुनी म्हणूनच घेतली, सुताराला हाताशी धरून आतलं सगळं केलं आणि आरटीओकडची नोंद बदलून घेण्यात दोन पावसाळे घालवले. त्या दोन पावसाळ्यांवर वेगळा लेख होईल, पण तो दादानंच लिहावा.

या गाडीचं घराणं तसं मोठं आहे. हँबुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली आणि त्यांच्या तीनचाकीनं 'टेम्पो' हा शब्दच आपल्या भाषेला देऊन टाकला. आता आपण कोणत्याही कंपनीच्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. पुढे १९८७ मध्ये याच कंपनीनं ट्रॅव्हलर आणली. तिचा मूळ आराखडा मर्सिडीझचा, १९७७ पासून जर्मनीत ब्रेमेनला बनू लागलेल्या व्हॅनचा. (कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं आहे.) गंमत अशी की त्याच जर्मन व्हॅनच्या सांगाड्यावर हायमरसारख्या कंपन्यांनी तिकडच्या लोकांसाठी मोटरहोम बांधली, आणि त्यातली कित्येक युरोपात अजून फिरताहेत. म्हणजे दादा आणि बेळगावचा सुतार यांनी मिळून जे केलं ते या गाडीच्या चुलत भावंडांनी चाळीस वर्षांपूर्वीच केलं होतं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग त्यांचं ओट्याचं झाकण तरी नीट बंद होत असेल."

दोन वर्षांपूर्वी दादाची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, चालायला तर सांगितलंच. पण जड उचलायचं नाही, हिसका देऊन जोर लावायचा नाही, असं बजावलं. दादा घरी आला, आठवडाभर काही बोलला नाही आणि मग एका रात्री जेवताना म्हणाला, "गाडी विकून टाकू या. खानापूरचा एक जण विचारत होता." का, तर वाटेत पंक्चर झालं तर चाक कोण बदलणार? आजवर ते काम त्याचंच होतं. आमच्या घरात त्यावर कधी चर्चाही झालेली नव्हती. चाक बसलं की आम्ही बायका खाली उतरायचो, आई बाटलीतलं पाणी द्यायची, दादा घाम पुसत काम करायचा आणि आम्ही पुन्हा आत बसायचो.

कुणी म्हणेल, आता एक फोन केला की माणूस येतो. हायवेवर येतो. पण आमचा नेहमीचा रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि खाली साखळी असा. त्यात मोबाइलला रेंज नसलेले पट्टे आहेत, आणि संध्याकाळनंतर तिथे मदतीला येणारा माणूस म्हणजे नशिबानं मागून आलेला एखादा ट्रकवाला.

वहिनींनी आमटी वाढता वाढता विचारलं, "चाक कोण बदलणार, एवढाच प्रश्न आहे ना? मी बदलते."

दादा हसला. आई हसली नाही. ती म्हणाली, "बदलू दे की तिला. शिवणाचं मशीन उघडून पुन्हा जोडते, चाक काय वेगळं?"

वहिनींचं वय चौपन्न, वजन बावन्न किलो. त्या शिवणक्लास चालवतात. त्यांनी जे म्हटलं ते खरं करायला आम्हाला सहा रविवार लागले, आणि त्या सहा रविवारांत मला जे कळलं ते गाडी जुनी असलेल्या, मग ती व्हॅन असो, जीप असो की साधी कार, आपल्या वाचकांच्या उपयोगाचं आहे म्हणून हा लेख.

पहिल्या रविवारी गाडीबरोबर आलेली हत्यारं बाहेर काढली. मागच्या बाकाखाली तेलकट गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती : एल आकाराचा वाकडा पाना, एक टॉमी, एक बॉटल जॅक आणि मूठ तुटलेला स्क्रू-ड्रायव्हर. वहिनींनी पाना नटावर चढवला आणि दोन्ही हातांनी ओढला. नट हलला नाही. पान्यावर पाय ठेवला. हलला नाही. शेवटी दादाच्या खांद्याला धरून त्या पान्यावर चक्क उभ्या राहिल्या. बावन्न किलो आणि वर चपला. नट तसाच. पाना मात्र सरकून निसटला आणि वहिनी उडी मारून बाजूला झाल्या म्हणून बरं. दादा लगेच पुढे आला आणि आईनं नुसतं "तू बस" म्हटल्यावर पुन्हा पायरीवर जाऊन बसला. त्याचा चेहरा मला त्या वेळी बघवला नाही.

नट इतका घट्ट का, याचं उत्तर सोपं आहे. शेवटचं पंक्चर काढलं त्या दुकानात नट हवेच्या गननं आवळले होते. टर्रर्र आवाज करणारी ती गन दोन सेकंदांत नट बसवते, पण किती जोरानं बसवते ते पोराला कळत नाही आणि दुकानदाराला बघायला वेळ नसतो. दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक सगळीकडे असंच चालतं. घाईत असलेल्या गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं.

इथे थोडं गणित. मी मराठीची प्राध्यापिका, गणित माझा प्रांत नव्हे, पण हे मला भाजीच्या तागडीसारखं कळलं. नटाला लागणारा पीळ म्हणजे तुमचा जोर गुणिले पान्याची लांबी. लहान कारच्या नटाला साधारण दहा किलो-मीटर पीळ लागतो, आमच्याएवढ्या व्हॅनला जवळजवळ दुप्पट, अठरा-वीस. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकात असतो. आता आमचा जुना पाना जेमतेम पस्तीस सेंटीमीटरचा. म्हणजे नीट आवळलेला नट सोडवायलाही त्याच्या टोकाला सत्तावन्न किलोंचा जोर हवा. वहिनींच्या अख्ख्या वजनापेक्षा जास्त! त्यात गंज आणि गन. तोच पाना मीटरभर लांब असेल तर वीस किलो पुरतात. वीस किलो म्हणजे तांदळाचं लहान पोतं. कारखान्यानं जो पाना दिला तो दादासारख्या पंच्याऐंशी किलोंच्या माणसाला गृहीत धरून दिला होता. गाडीत बसणाऱ्या बाकीच्या माणसांचा त्यात विचारच नव्हता.

उद्यमबागेत दादाच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. बेळगावात राहण्याचा हा एक मोठा फायदा. फौंड्र्या आणि मशीन शॉप असलेल्या गावात लोखंडाचं कोणतंही काम अडत नाही. त्यांनी वहिनींना वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, जुना पाना फेकून द्या बगा. त्याचं तोंड फाकलंय. त्यानं नटाचे कोपरे खाल्ले की मग छिन्नीशिवाय इलाज न्हाई." त्यांनी सुचवलेली वस्तू अशी : नटाच्या मापाची जाड, सहा कोनी गोटी, पाऊण इंची चौकोनी खाच असलेली, तिच्यात बसणारा आडवा दांडा, आणि त्या दांड्यावर चढवायला जाड भिंतीचा मीटरभर पाइप. बारा कोनी गोटी बाजारात पटकन मिळते, पण ती नटाच्या फक्त टोकांना धरते आणि घट्ट नटावर निसटते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंना धरते. पाइपच्या एका टोकाला त्यांनी रबराची मूठ बसवून दिली, पैसे घेतले ते फक्त पाइपचे.

दुसऱ्या रविवारी वहिनींनी पाइप लावला, पाय रोवले आणि पाइप वर न ओढता खाली दाबला. हेही लेथवाल्यांनीच सांगितलेलं. वर ओढलं की कंबर जाते, खाली दाबलं की आपलं वजन कामाला येतं. 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं दांडा तुटला. नट सुटला होता.

त्यानंतर एकेक करून चारही चाकांचे सगळे नट सोडवले, तारेच्या ब्रशनं आटे साफ केले आणि पुन्हा बसवले. माझ्या मते जुनी गाडी घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हे काम करावं, सीट कव्हर आणि स्टिरिओ नंतर. प्रत्येक नट घरच्या अंगणात, दिवसाउजेडी, एकदा तरी आपल्या हातानं सुटलेला असावा. ज्यांच्याकडे फार जुनी जीप आहे त्यांनी डाव्या बाजूला उलटे आटे नाहीत ना हे आधी बघावं. विलीजच्या जमान्यातल्या जीपना डावीकडे ते असत, आणि ते ठाऊक नसलेला माणूस नट सोडतोय असं समजून आवळत बसतो. आट्यांना ग्रीस लावावं का, यावर आमच्या आवारात बरीच वादावादी झाली. लेथवाल्यांचं मत पडलं, लावू नये. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो. स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत, बस्स.

मग आवळण्याचा प्रश्न आला. नट सैल करणं एक, पण तो पुन्हा किती घट्ट करायचा? दादा म्हणाला, "हाताला कळतं." आणि हे खरं आहे, त्याच्या हाताला कळतं. तीस वर्षं कळत आलंय. पण ते कळणं त्याच्या पंच्याऐंशी किलोंचं, त्याच्या खांद्याचं आणि त्याच्या जुन्या आखूड पान्याचं आहे. मीटरभर पाइप हातात असलेल्या वहिनींना तो ते कसं देणार? त्यानं प्रयत्न केला. "थोडं अजून... हां... बास... नाही, अजून जरा." वहिनी वैतागल्या. क्लासमधल्या मुलींना 'अंदाजानं कापा' असं त्या कधी सांगत नाहीत, टेप गळ्यात असते.

म्हणून टॉर्क रेंच घेतला. दांड्यावर आकडे असतात, हवा तो आकडा लावायचा, आवळत जायचं, तेवढा पीळ बसला की रेंच 'टिक' करतो आणि आपण थांबायचं. महाग वाटला. दादा दोन दिवस त्याला हातही लावेना. तिसऱ्या दिवशी कुणी नसताना त्यानं स्वतः आवळलेल्या एका नटावर तो लावून पाहिला, मी खिडकीतून बघत होते. रेंच जवळजवळ लगेच टिकला. दादाचा हात बरोबर होता. तो आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा हसू होतं आणि त्या दिवसापासून रेंचला विरोध संपला. काम झालं की आकडा पुन्हा खाली, सगळ्यात कमीवर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते, हे आता तोच सगळ्यांना सांगतो. आणि हा रेंच नट सोडायला कधीही वापरायचा नाही. तो मोजायला आहे.

जॅकची गोष्ट अधिक वाईट. जुना जॅक दोन टनी. आमची गाडी टाकी, पलंग, भांडी धरून तीन टनांच्या वर. एका चाकावर जवळपास टनभर येतं, तेव्हा कागदावर दोन टनी पुरतो. पण तो जॅक कित्येक वर्षं आडवा पडलेला होता, आतलं तेल झिरपून गोणपाटात गेलं होतं. त्याच्यावर गाडी उचलून दहा मिनिटं ठेवली तर ती नकळत दोन बोटं खाली आली. अंगणात आली म्हणून हसलो. नवा पाच टनी घेतला. इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पंक्चर झालं की चाक बसतं, त्याबरोबर अ‍ॅक्सलही खाली येतो, आणि मग जो जॅक एरवी सहज आत जातो तो खाली शिरतच नाही! आम्ही मुद्दाम मागच्या चाकाची हवा सोडून पाहिलं. चार बोटं जागा कमी पडली. तो जॅक परत करून दोन टप्प्यांत वर येणारा बुटका जॅक आणला. तो बसलेल्या चाकाखाली शिरतो आणि हवा भरलेलं स्टेपनीचं चाक चढेल एवढा वरही जातो. जॅक घ्यायला जाताना दोन मापं खिशात असावीत : हवा गेलेल्या चाकाजवळ अ‍ॅक्सलची जमिनीपासूनची उंची, आणि भरलेलं चाक बसवायला लागणारी उंची.

जुन्या गाडीत जॅक कुठे लावायचा हेही बघून ठेवावं लागतं. पत्र्याच्या कडेला, पायरीजवळ लावलात तर गंजलेला पत्रा आत जातो आणि गाडी तिथेच राहते. आम्ही मागे पाट्याजवळ, अ‍ॅक्सलखाली लावतो. वहिनींनी त्या दोन्ही जागांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे, रात्री बॅटरीच्या उजेडात शोधायला नको म्हणून.

जॅकखाली फळी हवीच. आमच्याकडची लाल माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते, टनाचं वजन घेतलेला जॅक तिच्यात सरळ बुडतो. दादानं अडगळीतून जुन्या घराचा उंबरा काढला. सागवानी, तीन इंच जाड, फूटभर कापला की काम झालं. आई ओरडली, "उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणतात, तुम्ही गाडी देताय होय रे?" उंबरा परत गेला. त्याच घराच्या तुळईचा तुकडा मिळाला, त्याला आईची हरकत नव्हती.

चाकांना अडकण म्हणून आम्ही लाकडाच्या दोन पाचरी केल्या आहेत, दोरीनं एकमेकींना बांधलेल्या. दगड का नाही? कारण दगड लोक तिथेच टाकून जातात. चोर्ला घाटात वळणावर रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढा दगड दिसला की समजावं, इथे रात्री कुणाचं तरी चाक बदललं. तो माणूस सुखरूप घरी गेला, मागून येणारा स्कूटरवाला मात्र गेला असेलच असं नाही. दोरी बांधलेली पाचर ओढली की दोन्ही हातात येतात, विसरत नाहीत.

आता स्टेपनी. या शब्दावर मी वर्गात पाच मिनिटं हमखास घालवते. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यात टायर उतरवून ट्यूब जोडत बसायचं. १९०४ साली वेल्समधल्या लॅनेथ्ली गावात डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी आऱ्या नसलेलं एक जादा चाक बनवलं, ते बसलेल्या चाकावरच बाहेरून अडकवायचं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. खुद्द इंग्लंडात तो शब्द कुणाला आठवत नाही, तिथे 'स्पेअर' म्हणतात. आपण मात्र तो जपला आहे, आणि त्याला दुसरा जो अर्थ चिकटवला आहे तो वर्गातल्या मुलांना माझ्या आधी ठाऊक असतो. असो. विलायतेत आता नव्या मोटरहोमना बऱ्याचदा स्टेपनीच नसते. वजन वाचवायला नुसती डिंकासारख्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप देतात. टायरची बाजू फाटली तर ती बाटली काय करणार, देव जाणे.

आमची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली मागे टांगलेली होती. तिचा हुक गंजून एकजीव झालेला, त्यात पाण्याच्या टाकीचा पाइप नेमका आडवा आलेला. शिवाय चाक बसल्यावर गाडी खाली येते, मग चिखलात उताणं पडून हे कोण काढणार? तिसऱ्या रविवारी ती हुक कापून काढली आणि आत मागच्या दाराजवळ उभी बांधली. कांद्याबटाट्याची टोपली त्यामुळे बेघर झाली.

स्टेपनीचा टायर दिसायला नवा कोरा. पण त्याच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं २३०९, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. एकदाही रस्त्यावर न फिरता तो म्हातारा झाला होता. बोट लावून वाकवलं तर नक्षीच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. आपण टायर किती घासला ते बघतो. पण महिनोन्महिने भरल्या वजनानं एका जागी उभ्या राहणाऱ्या अशा गाड्यांचे टायर घासून जातच नाहीत, वयानं जातात. दहा वर्षांपलीकडचा टायर, कितीही नवा दिसला तरी ठेवू नये. आमचे पाचही बदलले. गाडी विकून जितके आले असते त्यातला बराच भाग तिथेच गेला असं दादा म्हणाला, पण कुरकुरत नव्हे.

राहिलं चाक उचलणं. रिमसकट चाक सहज पंचवीस-तीस किलोंचं, ते दादानं उचलायचं नाही आणि वहिनींना उचलवत नाही. यावर हत्यार आईनं सुचवलं : पहार. चाक उभं करून बोल्टसमोर आणायचं, पहारीचं टोक टायरखाली सारायचं, पहारीखाली लाकडाचा ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला हलकेच वर-खाली. चाक इंचभर उचललं जातं, दुसऱ्या हातानं फिरवून भोकं बोल्टशी जुळवायची. शेतातला धोंडा आजोबा असाच हलवायचे, ती म्हणाली.

बाकीच्या पिशवीत काय काय आहे ते पटकन सांगते. डोक्याला बांधायचा दिवा, कारण हातात बॅटरी धरली की एक हात गेला. चामड्याचे हातमोजे, लाल त्रिकोण, गुडघ्याखाली घ्यायला जुनं पोतं. हवेचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप. तो दुकानात विचारून घ्यावा, कारण व्हॅनच्या टायरला कारच्या जवळजवळ दुप्पट, पंचावन्न-साठ पौंड हवा लागते आणि स्वस्तातला पंप तिथपर्यंत पोचण्याआधीच तापून बंद पडतो. आणि वहिनींची नेलपॉलिशची लाल बाटली. तिचं काम पुढे येतं.

सहाव्या रविवारी घड्याळ लावून रंगीत तालीम झाली. चाकांना पाचरी, हँडब्रेक, गिअर, सगळे खाली. आई खुर्चीसकट खाली. जॅकवरच्या गाडीत माणूस नको. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, मग उचलायचं. चाक काढलं की ते गाडीच्या पोटाखाली आडवं सारायचं, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकते. अंग गाडीखाली कधीच न्यायचं नाही. नवं चाक चढवून नट हातानं बसवायचे, गाडी खाली घ्यायची, मग समोरासमोरचे नट आलटूनपालटून रेंचनं टिक होईपर्यंत. दादा खुर्चीवरून एकेक पायरी सांगत होता. अर्ध्यात वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका, मला मोजू दे." तो खरंच गप्प बसला. पंचेचाळीस मिनिटं लागली.

खानापूरच्या माणसाला दादानं फोन करून नाही सांगितलं. त्यानं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "घरात ड्रायव्हर आणि क्लीनर दोन्ही आहेत."

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघं मंगेशीला निघालो. कणकुंबी मागे टाकल्यावर थोड्याच वेळात गाडी डावीकडे ओढू लागली. मागचं डावं चाक. दादानं जागा बघून, वळण संपल्यावर, सपाटीला गाडी घेतली आणि किल्ली काढून वहिनींच्या हातात दिली. का दिली कोण जाणे, चाक बदलायला किल्ली लागत नाही. मी त्रिकोण घेऊन मागे पळाले. आई रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसली. बघता बघता एक ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरून म्हणाला, "सरका ताई, मी करतो." वहिनींनी मान वर न करता सांगितलं, "झालंच आहे. तुम्ही फक्त मागून येणाऱ्यांना हात दाखवा." तो बिचारा मागच्या वळणाशी उभा राहून हात दाखवत राहिला. दादा चाकापासून चार पावलांवर उभा होता, हात पाठीमागे घट्ट धरून. पाइप खाली दाबला गेला की प्रत्येक वेळी त्याचा खांदाही किंचित खाली जायचा.

शेवटचा नट टिकला. वहिनींनी नेलपॉलिश काढलं आणि प्रत्येक नटापासून रिमवर एकेक सरळ लाल रेघ ओढली. पाचरी उचलल्या, तुळईचा तुकडा उचलला, ट्रकवाल्याला आईनं लाडू दिला.

नवं बसवलेलं चाक पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं असतं, रिम जागेवर बसताना नट थोडे सैल पडू शकतात. मंगेशीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा तेवढं अंतर झालं होतं. आई म्हणाली, आधी दर्शन. वहिनी म्हणाल्या, दोन मिनिटं. त्यांनी साडीचा पदर खोचला आणि चाकाशी वाकल्या. एका नटावरची रेघ रिमवरच्या रेघेपासून केसभर सरकली होती. रेंच लावला, पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरला आणि टिकला. बाकीच्या रेघा सरळ होत्या. दादानं स्वतः वाकून एकेक बघितली, मग आम्ही हात धुवायला तळीकडे गेलो.